औट्रेडची ‘क्लाविस’: न्यूटनच्या अभ्यासातले बीजगणिताचे पाठ्यपुस्तक

सरे परगण्यातील ऑल्बरीचे धर्मगुरू विल्यम औट्रेड यांनी अरंडेलच्या अर्लच्या मुलाला शिकवण्यासाठी रचलेले ‘क्लाविस मॅथेमॅटिके’ हे पाठ्यपुस्तक १६३१ साली प्रसिद्ध झाले. १६६४ च्या नाताळाआधी फ्रेंच गणिती देकार्तची ‘भूमिती’ विकत घेतली तेव्हा ती आणि ‘क्लाविस’ अर्ध्या वर्षाहूनही आधी वाचून झाली होती, अशी नोंद खुद्द आयझॅक न्यूटनने करून ठेवली आहे. न्यूटनचा ग्रंथसंग्रह त्याच्या मृत्यूनंतर ३०० पौंडांना विकला गेला आणि त्यातला मोठा भाग आज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्या संग्रहाविषयी कुतूहल असणाऱ्याने हे पुस्तक अवश्य वाचावे.

मी १६४७ चा इंग्रजी अनुवाद स्कॅन केलेल्या रूपात वाचला. पुस्तकाचे खरे बळ चिन्हांच्या योजनेत आहे. गुणाकाराचे × हे चिन्ह याच पुस्तकाने रूढ केले, पण त्याहून मोलाची मला वाटली ती अक्षरांची शिस्त: ए आणि ई या दोन राशी, झेड ही त्यांची बेरीज, एक्स ही वजाबाकी. बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा केली की वजाबाकीचा वर्ग उरतो, एवढ्या एका नात्यावर औट्रेड वर्गसमीकरणाची उकल उभी करतात. बेरीज १० व गुणाकार २१ असेल, तर १०० मधून ८४ वजा जाऊन १६ उरतात, म्हणजे फरक ४ आणि राशी ७ व ३. पुढची पायरी ‘लीलावती’तील संक्रमणाची, म्हणजे बेरीज व फरकावरून दोन राशी काढण्याची, असल्याने आपल्याकडच्या वाचकाला ती लगेच ओळखीची वाटेल.

दोष मात्र गंभीर आहेत. मांडणी इतकी आटोपशीर आहे की नियम येतो आणि स्पष्टीकरणाची वाट पाहावी तोच पुढचा नियम सुरू होतो; शिक्षक शेजारी नसेल तर नवशिक्या इथे अडखळणारच. घातांक अंकांनी न लिहिता अक्षरांनी दाखवल्यामुळे वरच्या घातांची पदावली वाचणे कष्टाचे होते, आणि याबाबतीत देकार्तची पद्धत निःसंशय सरस आहे. तरीही १६९४ मध्ये क्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेच्या अभ्यासक्रमाविषयी लिहिताना न्यूटनने औट्रेडच्या निर्णयावर निर्धास्त विसंबावे असे म्हटले, यात मला नवल वाटत नाही. अनुवादाला जोडलेली चक्रवाढ व्याज आणि सूर्यघड्याळांवरील प्रकरणे घाईत असलेल्याने वगळली तरी चालतील. शाळेत बीजगणित शिकवणाऱ्यांनी मात्र बेरीज-वजाबाकीच्या नात्यांचा भाग कागद-पेन्सिल घेऊन, प्रत्येक ओळ स्वतः सोडवत वाचावा.