समुद्राकाठच्या पार्कातली पिकनिकची जागा, टेबल बघून घ्या

घरच्यांना घेऊन दिवसभर बसायला ही जागा खरंच चांगली आहे. टेबलं पाण्याला खेटून नाहीत, वाळूच्या टेकडीमागे झाडांच्या सावलीत आहेत, त्यामुळे बसल्याजागी समुद्र दिसत नाही म्हणून बरेच जण नाराज होतात, पण माझ्या मते तेच बरोबर केलंय. दिवस वर आला, जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि दुपारी एवढा जोर धरतात की उघड्यावरच्या टेबलावर कागदी प्लेट राहत नाही आणि प्रत्येक घासाला वाळू कचकचते. टेकडीच्या आडोशाला तोच वारा डोक्यावरून निघून जातो. पुढच्या बाजूला पण थोडी टेबलं आहेत, ती घ्यायची तर सकाळीच घ्या.

मला सगळ्यात आवडलं ते गेटजवळचा फळा. त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिलेल्या, आदल्या दिवशीचं पुसलेलं अजून पुसट दिसत होतं, म्हणजे कोणीतरी रोज लिहितंय. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, त्यामुळे एकदाच छापून लावलेल्या बोर्डाचा काही उपयोग नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जात असाल तर तो फळा नीट वाचाच, उधाणाचं पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं आणि वाळूत ठेवलेल्या चपला, बॅगा बघता बघता भिजतात.

किनाऱ्यावर उतरायला टेकडीवरून लाकडी फळ्यांची वाट काढलीये, जमिनीपासून थोडी उचललेली. खाली मर्यादवेल पसरलीये, आपट्यासारखी दुभंगलेली पानं आणि जांभळट फुलं. ही वेल वाळू धरून ठेवते, ती तुडवली की वाळू सुटते आणि टेकडी हळूहळू वाऱ्याबरोबर जाते, मग टेबलांना आडोसा कुठला राहणार? तरी लोक शॉर्टकट मारतात आणि पोरांना घसरगुंडी खेळायला सोडतात, प्लीज नका करू असं. व्हीलचेअर त्या फळ्यांवरून आरामात जाते, हे मुद्दाम लिहितेय कारण म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांना हीच माहिती कुठे मिळत नाही.

आता खटकलेलं. कचऱ्याच्या डब्यांना झाकणंच नाहीत! अशा वाऱ्याच्या जागी उघडे डबे म्हणजे रॅपर सरळ समुद्रात, आणि कावळे पिशव्या उपसून टेबलापर्यंत आणतात. आम्ही आमचा कचरा बांधून परत नेला, तुम्हीही मोठी पिशवी ठेवा. टॉयलेट स्वच्छ होतं, पाय धुवायला नळ आहे पण एकच, दुपारी रांग लागते. बेंचचे लोखंडी बोल्ट खाऱ्या हवेने गंजून वर आलेत, लहान मुलांना बसवताना हात फिरवून बघा.

आणि सावलीत बसलोय म्हणून सनस्क्रीन टाळू नका, वाळूवरून ऊन परत अंगावर येतं.

पाचपैकी चार स्टार. डब्यांना झाकणं लावली की पाचवा नक्की देईन.