टाईप ५५ की एफपी-१००सी?

फोटो काढताच प्रिंट हाती देणाऱ्या या दोन जुन्या इन्स्टंट फिल्म्सपैकी सरस कोणती, याबद्दल माझं मत आधीच सांगतो: टाईप ५५. पोलरॉइडची ही ४×५ इंची कृष्णधवल शीट प्रिंटसोबत खरीखुरी निगेटिव्हही द्यायची. होल्डरमधून शीट ओढायची, थोडं थांबायचं, थर सोलायचे आणि निगेटिव्ह लगेच सोडियम सल्फाइटच्या द्रावणात सोडायची. बाहेर काम असेल तर द्रावणाचा डबा सोबत बाळगावा लागे, पण त्या निगेटिव्हमधले बारकावे पाहिले की तो भार वाटत नसे. प्रसिद्ध अमेरिकी निसर्ग-छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सही ही शीट वापरत. अडचण एकच: प्रिंट नेमकी आली की निगेटिव्ह पातळ पडायची, म्हणून चांगल्या निगेटिव्हसाठी प्रकाश जास्त द्यावा लागे.

फुजीची एफपी-१००सी रंगीत आणि वापरायला सोपी. तिच्या निगेटिव्हची काळी पाठ ब्लीचने काढली की स्कॅन करण्याजोगी रंगीत निगेटिव्ह हाती येई. मात्र हे काम जपून करावं लागे, ओरखडे लगेच पडत.

दोन्ही गेल्या. स्टुडिओत प्रकाशयोजना तपासायला पूर्वी अशीच शीट लागे, ते काम डिजिटलच्या पडद्याने घेतलं. पोलरॉइडने २००८ मध्ये बंदची घोषणा केली, फुजीने एफपी-१००सीची २०१६ मध्ये. रंगीत चाचणीला पर्याय सापडला, टाईप ५५च्या निगेटिव्हला नाही.