आकडे सगळे खरे, गाडी मात्र खोटी

जुनी सात सीटर डिझेल ऑटोमॅटिक गाडी घ्यायच्या बेतात असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आम्हाला विकणाऱ्याने सांगितलेली सगळी तांत्रिक माहिती बरोबर होती. 2 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, 150 अश्वशक्ती, 350 न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे चाकं फिरवणारा जोर), टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा) सहा गिअरचा ऑटोमॅटिक, दोन्ही बाजूंना सरकती दारं, खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या कर्टन एअरबॅग. कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिलं, एकही आकडा चुकलेला नव्हता. पण ते आकडे त्या मॉडेलचे होते. आमच्या दारात येऊन उभी राहिलेली गाडी वेगळीच होती, आणि सगळी फसवणूक या दोन गोष्टींमधल्या फटीत झाली.

आमच्या घरात आई-बाबा, आम्ही दोघं आणि तीन मुलं. सात माणसं आणि त्यांचं सामान म्हणजे गाडीवर चांगलाच भार. एवढं वजन घेऊन चढ चढायचा तर कमी आरपीएमला मिळणारा डिझेलचा टॉर्क लागतोच, आणि बाबांचा गुडघा दुखतो म्हणून ऑटोमॅटिक. विकणाऱ्याला आमची गरज पहिल्या फोनमध्येच कळली. नंतर तो जे बोलला ते सगळं त्या गरजेला धरून बोलला. "हायवेवर चाललेली गाडी आहे साहेब, एकाच घरात होती, मुलांची शाळा आणि सुट्टीतले प्रवास, बस." मीटरवर 96,000 किलोमीटर. सर्व्हिस बुकात शिक्के. त्याने स्वतःचा स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाड (एरर) वाचणारं यंत्र, लावून दाखवला, एकही एरर नाही.

हा "एकही एरर नाही" प्रकार नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच निर्धास्त होतात. स्कॅनरवर एरर पुसायला एक बटण पुरतं. पण ते दाबलं की गाडी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवते: एरर पुसल्यापासून किती किलोमीटर चालली. ओबीडी सॉकेटला (गाडीत तपासणीचं यंत्र जोडायची जागा) लागणाऱ्या साध्या रीडरवरही हा आकडा बहुतेक गाड्यांत दिसतो. आमच्या गाडीत तो 11 किलोमीटर होता. म्हणजे आम्हाला दाखवायला आणण्याच्या जरा आधी सगळी पाटी कोरी केलेली. त्याने स्क्रीनवर नेमकं एररचं पानच उघडून दाखवलं, बाकीची पानं उघडली नाहीत. स्कॅनर विकणाऱ्याचा नको, आपल्या मेकॅनिकचा हवा, आणि एरर शून्य दिसले तर पुढचा प्रश्न "कधीपासून शून्य?" हा हवा.

मीटर मागे फिरवलं होतं हे नंतर गिअरबॉक्सवाल्या मेकॅनिककडे कळलं. किलोमीटरचा आकडा फक्त डॅशबोर्डवर असतो असं आपण धरून चालतो. बऱ्याच आधुनिक गाड्यांत तो इतर कंट्रोल युनिटमध्येही, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स वगैरे चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्येही, नोंदला जातो. एखादी एरर आली की त्या क्षणाची परिस्थिती साठवली जाते, इंजिनचे फेरे, तापमान, आणि अनेक गाड्यांत किलोमीटरसुद्धा. मेकॅनिकने त्या कंपनीच्या गाड्यांचं खास सॉफ्टवेअर लावलं आणि गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये शिरला. तिथे तेलाच्या तापमानाची एक जुनी नोंद पडून होती, 2,12,000 किलोमीटरला झालेली. डॅशबोर्ड अजून एक लाखालाही पोचला नव्हता. इंजिनच्या एरर पुसणाऱ्याचं गिअरबॉक्सकडे लक्ष गेलं नव्हतं.

इंजिन एकूण किती तास चाललं याचीही नोंद होती, सुमारे 6,200 तास. 96,000 ला 6,200 ने भागा. ताशी साडेपंधरा किलोमीटर सरासरी वेग येतो. जिला हायवेवर चाललेली गाडी म्हणून विकलं, तिची सरासरी सायकलएवढी! ज्या गाडीत हे तास दिसतात तिथे हा भागाकार जरूर करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मीटर फिरवणाऱ्या सगळ्यांनाच तासांचा आकडा जुळवून ठेवायचं सुचत नाही.

आता कोणी म्हणेल, झीज बघून ओळखता येतं की. स्टेअरिंगचं कव्हर नवं होतं, पेडलची रबरं नवी होती, ड्रायव्हर सीटवर नवं कव्हर घट्ट शिवलेलं होतं. लोक जिथे बघतात तिथलं सगळं त्याने बदललं होतं. खरी झीज सरकत्या दारात होती. अशा गाडीत सगळ्यात जास्त राबतं ते दार, मुलं दिवसात दहादा ओढतात. मधल्या पट्टीतला रोलर एका बाजूने चपटा झालेला, खालच्या खाचेतला रंग पूर्ण उडून धातू चकाकत होता, आणि दार शेवटच्या वीतभर अंतरात खाली बसत होतं. सात सीटर बघायला जाल तेव्हा दोन्ही सरकती दारं हाताने, सावकाश, पूर्ण उघडून बंद करा. मोटरवाली असतील तर मोटरनेही आणि हातानेही.

आता डीपीएफ, म्हणजे डिझेलची काजळी अडवणारी जाळी. सायलेन्सरच्या वाटेवर ती एका डब्यात बसवलेली असते. त्यात साठलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतः जाळते. त्यासाठी आतलं तापमान सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं आणि गाडी काही वेळ सलग चालावी लागते. शाळा, बाजार, परत घर असे छोटे फेरे झाले की जळण अर्धवट राहतं आणि जाळी तुंबत जाते. शिवाय काजळी जळाली तरी मागे राख उरते, ती जळत नाही. जास्त चाललेल्या गाडीत कधीतरी डबा खास यंत्राने साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो, आणि ते काम महागाचं. म्हणून काही लोक डबा कापतात, जाळी फोडून बाहेर काढतात, डबा पुन्हा वेल्ड करतात आणि इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये डीपीएफ बंद करून टाकतात. गाडी उलट जरा हलकी पळते, टेस्ट ड्राइव्ह घेणारा खूश होतो. बऱ्याच देशांत हे बेकायदा आहे आणि उत्सर्जन तपासणीत पकडलं गेलं तर भोगायचं नव्या मालकाने. तो धूर कोणाच्या तरी पोराच्या नाकात जातो, याचा मला गाडीच्या पैशांपेक्षा जास्त राग आहे.

आमच्या गाडीत एक्झॉस्टचं टोक घासूनपुसून लखलखीत केलेलं होतं. लिफ्टवर चढवल्यावर मेकॅनिकने कापड गुंडाळलेलं बोट पाइपात आतपर्यंत घातलं, ते काळंकुट्ट बाहेर आलं. डीपीएफ शाबूत असेल तर पाइप आतून बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. मग त्याने उष्णतेपासून बचाव करणारा पत्रा सोडवला. खाली डब्यावर चौकोनी खिडकी कापून पुन्हा जोडल्याची वेल्डिंगची रेघ, वर चंदेरी रंग फासलेला. स्कॅनरवर डीपीएफच्या दोन्ही टोकांतल्या दाबाचा फरक बघितला तर इंजिन कितीही रेस केलं तरी काटा शून्याजवळच. अडवायला आत काही उरलेलंच नव्हतं.

गिअरबॉक्सचं दुखणं त्याने टेस्ट ड्राइव्हच्या रस्त्यातच लपवलं होतं. रस्ता तोच सांगत होता, "इथून डावीकडे घ्या, पुढे सिग्नल आहे," आणि गाडी कुठेच एका वेगाने सलग चालली नाही. टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच (एका वेगाने चालताना इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा भाग) खराब झाला की झटके बहुधा ताशी 50 ते 80 च्या दरम्यान, ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय असताना जाणवतात. बारीक खडबडीत पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखा थरथराट होतो आणि पाय जरा दाबला की नाहीसा होतो. सुरू करा, थांबा, सुरू करा अशा रस्त्यावर तो कळणं शक्यच नाही. वर त्याने ठासून सांगितलं की या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतं. काही कार कंपन्या तसं लिहितातही. पण झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच आपल्या ऑटोमॅटिकचं तेल साधारण 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. आमच्या गाडीतलं तेल काळं पडलेलं होतं आणि त्याला जळका वास येत होता.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. "आत्ताच धुऊन आणली." डिझेल फवारणारे इंजेक्टर, थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग, इंजिनच्या आतल्या टायमिंग चेनचा खडखडाट, हे सगळं थंड इंजिन सुरू करताना उघडं पडतं. बॉनेटला हात लावा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या आणि आपल्यासमोरच पहिल्यांदा चालू करायला लावा. तयार नसेल तर व्यवहार तिथेच सोडा.

हे सगळं पैशांचं नुकसान झालं. यापुढचं लिहिताना अजूनही हात थरथरतो.

तिसऱ्या रांगेत धाकटी दोघं बसायची. मेकॅनिकने सहज त्या रांगेचे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढले. पट्ट्याच्या अगदी मुळाशी शिवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते. गाडी 2016 ची. उजव्या पट्ट्यावर 2016, डाव्यावर 2012. गाडी जन्माला येण्याआधीचा पट्टा, म्हणजे भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा. मग छताच्या कडेचं अस्तर सोडवलं. डाव्या बाजूची कर्टन एअरबॅग जागेवर नव्हती. तिच्या कनेक्टरमध्ये एक छोटा रेझिस्टर (विजेला विरोध करणारा सुटा भाग) खोचलेला होता. एअरबॅग आहे असं कंट्रोल युनिटला भासवायचं, म्हणजे लाल दिवा पेटत नाही. गाडीला मागून डावीकडून जबर धडक बसलेली होती, आणि ती लपवून, माहितीपत्रकातली "तिसऱ्या रांगेपर्यंत एअरबॅग" ही ओळ वाचून दाखवत त्याने गाडी आम्हाला विकली. समोर मुलं उभी होती.

रेझिस्टर डॅशबोर्डवरून कळत नाही, पण त्याचा भाऊबंद असलेली एक लबाडी कळते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही, किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या बरोबरीने तंतोतंत विझला, तर दिव्याशी छेडछाड झालेली असू शकते. सातही पट्टे पूर्ण ओढून लेबलं वाचा. मागच्या दाराची रबरी पट्टी उपसून खालच्या वेल्डिंगचे मूळ ठिपके दोन्ही बाजूंना सारखे आहेत का बघा.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "कागदावर जशी आहे तशी लिहिलंय, सही तुमची आहे." नंतर फोन उचलणंच बंद. लेखी तक्रार केली आहे. सोबत कंट्रोल युनिटच्या नोंदींचे प्रिंट, डब्याचे आणि पट्ट्यांचे फोटो, आणि स्वतंत्र वर्कशॉपचा शिक्क्याचा अहवाल जोडला आहे. हे सगळं दुरुस्तीला हात लावण्याआधी करून घ्या, सुटे भाग एकदा बदलले की पुरावा गेला.

"जशी आहे तशी" असं छापलेल्या करारावर सही मागितली, तर त्याच कागदावर हाताने चार ओळी लिहून घ्या: मीटर बदललेलं किंवा फिरवलेलं नाही, डीपीएफ मूळ आणि चालू आहे, सगळ्या एअरबॅग जागेवर आहेत, गाडीला मोठा अपघात झालेला नाही. खाली विकणाऱ्याची सही आणि त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग, आकड्यात आणि अक्षरात.