केबल की वाय-फाय : आठ महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यात माझा लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचा छोटा व्यवसाय आहे. रस्त्यालगत टिनाच्या खोलीत दुकान, अंगणापलीकडे साधारण 35 मीटरवर घर, आणि एडिटिंगचा संगणक घरात. एका लग्नाचे चित्रीकरण सहज 90 जीबी भरते. दिवाळीपर्यंत ते वाय-फायवरून घरी जात असे. वेग सेकंदाला चार-पाच एमबीच्या वर क्वचितच जाई, त्यामुळे रात्री फाइल लावून झोपावे आणि पहाटे पाहावे तर कॉपी मध्येच अडकलेली. हार्ड डिस्क हातात घेऊन अंगण ओलांडणे अधिक जलद होते, हे मान्य. परंतु ती एकदा ओट्यावर आपटल्यावर तो मार्ग बंद झाला.

दिवाळीनंतर कॅट-6 ही नेटवर्कची तांब्याची केबल टाकली. दोन्हीकडे गिगाबिट (सेकंदाला 1000 मेगाबिट) पोर्ट असल्याने तेच 90 जीबी पंधरा-सोळा मिनिटांत पोहोचू लागले. वाय-फायचा खोक्यावर छापलेला वेग कमी नसतो, पण एका चॅनेलवर एक उपकरण बोलत असताना इतरांना थांबावे लागते; केबलमध्ये येणेजाणे एकाच वेळी चालते.

फेब्रुवारीत हा वेग अचानक दहाव्या हिश्श्यावर आला. इंटरनेट पूर्ववत चालत असल्याने दोष ओळखायला चार दिवस गेले. कवेलूंखालून नेलेली केबल खारीने कुरतडली होती. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून एक जोडी तुटूनही जोडणी वरवर जिवंत राहिली. ब्लेडने तार खरवडली, तर आत पांढरे ॲल्युमिनियम! शुद्ध तांब्याची म्हणून विकलेली ती केबल तांब्याचा मुलामा दिलेली निघाली. नवी केबल घेताना दुकानदारासमोरच तार खरवडून पाहिली आणि ती पीव्हीसी पाइपातून जमिनीखालून नेली.

एप्रिलमध्ये खिडकीत कूलर बसला आणि आतल्या खोलीतील मोबाइलची वाय-फाय रेंज निम्म्यावर आली. पत्र्याची पेटी लहरी परतवते, ओल्या ताट्या आणि टाकीतले पाणी उरलेल्या शोषून घेतात. राउटर भिंतीवर हातभर वर सरकवल्यावर बरेच सुधारले. केबलवरील कामाला कूलरची झळ लागली नाही.

मृगाच्या पहिल्या पावसात मात्र जवळच्या वावरात वीज पडली आणि केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळाले. दोन इमारतींमध्ये तांबे नेताना अंतराची 100 मीटरची मर्यादा मी पाहिली होती, विजेचा विचारच केला नव्हता. आता अंगणातून धातूची तार नसलेली, प्रकाशाने माहिती नेणारी फायबर जाते, दोन्ही टोकांना त्या प्रकाशाचे आणि केबलमधल्या विजेच्या संकेतांचे एकमेकांत रूपांतर करणारे मीडिया कन्व्हर्टर आहेत आणि तांब्याची केबल फक्त घराच्या व दुकानाच्या आत उरली आहे. मोबाइल आणि टीव्ही वाय-फायवरच आहेत, त्यांना तेवढे पुरते. सुरुवातीला घराकडचा कन्व्हर्टर साध्या बोर्डावर होता. भारनियमनात यूपीएसवरचा संगणक चालू आणि कॉपी बंद, असे दोनदा झाल्यावर तोही यूपीएसवर घेतला.