नुसतं बेअरिंग की हबसकट?

पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं की मेकॅनिक हमखास विचारतो, "नुसतं बेरिंग टाकू का हब पण?" बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या सांगाड्यात, प्रेसवर दाबलेलं असतं आणि त्याच्या पोटात हब, म्हणजे ज्यावर चाक बोल्टने बसतं तो भाग, दाबलेला असतो. हे दोन नग वेगळे मिळतात, म्हणून हा प्रश्न. मागच्या चाकाला अनेक गाड्यांत दोन्ही मिळून एकच नग येतो. तिथे जुना काढायचा, नवा लावायचा, विषय संपला.

पण आधी बेअरिंगच गेलंय याची खात्री करा. आपल्याकडे शेतरस्ते आणि महामार्ग दोन्हींवर धावणाऱ्या गाडीचे टायर खालीवर झिजतात, आणि तसा टायर अगदी बेअरिंगसारखाच गुंजतो. धुळे-जळगाव चौपदरीवर साठ-सत्तरच्या वेगात गाडी न्यूट्रल करून बघा. इंजिन उतरलं तरी गुंजन तसंच राहिलं, तर आवाज चाकाकडचा. मग लांब वळणावर कान द्या. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. तरीही शंका वाटली तर पुढचे टायर मागे टाका. आवाज टायरसोबत मागे गेला, तर बेअरिंगचे पैसे वाचले.

जॅकवर चाक वरखाली हलवून बघणं सगळ्यांना माहीत असतं, पण तो प्ले, म्हणजे ढिलेपणा, बॉल जॉइंटचा (नकलखालच्या सांध्याचा) पण असू शकतो. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर दोष दुसरीकडे. माझा भरवसा मात्र स्प्रिंगवर. एका हाताने चाक फिरवायचं, दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवायचा. गेलेलं बेअरिंग तळहाताला खरखर लागतं, प्ले अजिबात नसला तरी.

आता मूळ प्रश्न. नुसत्या बेअरिंगची बाजू कमकुवत नाही. खर्च कमी, आणि कंपनीतून आलेला मूळ हब गाडीतच राहतो. हा दुसरा मुद्दा मला मोठा वाटतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त हबचं तोंड किंचित वाकडं निघालं तर डिस्क वाकडी फिरते आणि ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. चांगल्या कंपनीचा हब मिळत नसेल, तर मीही मूळ हब ठेवून नुसतं बेअरिंगच टाकेन.

मजुरीत फरक जवळजवळ नाही. दोन्ही कामांत ॲक्सल नट, बॉल जॉइंट, स्ट्रटचे बोल्ट खोलायचे आणि नकल प्रेसवर न्यायची. जळगाव-धुळ्यात प्रेस असलेलं गॅरेज सापडतं. तालुक्याच्या गावी बहुधा नकल मोटरसायकलवर टाकून लेथवाल्याकडे जाते आणि आपण सावली शोधत बसतो. नंतर अलाइनमेंटही दोन्हीकडे करावीच लागते.

माझा कल हबसकट बदलण्याकडे ठरला तो एका कटकटीमुळे. हब प्रेसवर बाहेर दाबला की बेअरिंगची चाकाकडच्या बाजूची इनर रेस, म्हणजे आतली कडी, बहुतेक वेळा हबलाच चिकटून येते. पुलरला जागा मिळाली तर ठीक. नाहीतर ग्राइंडरने रेस कापायची आणि छिन्नीचा घाव घालून फोडायची. कापणारा कितीही कसबी असो, शेवटच्या केसभर जाडीला ग्राइंडरचं चाक हबच्या बैठकीला, म्हणजे रेस बसते त्या जागेला, घासतंच. त्यात जुनी रेस हबवर घसरून फिरली असेल, तर बैठक आधीच झिजलेली असते. नवं बेअरिंग कितीही भारी आणा, ते बसणार या ओरखड्यांवर.

माझ्या गाडीत पहिल्यांदा नुसतं बेअरिंगच टाकलं होतं. गाडी एकदम शांत झाली. पुढच्या कापसाच्या हंगामात त्याच बाजूने परत गुंजू लागली. खोलल्यावर मेकॅनिकने बैठकीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बेरिंगना दोष नई भाऊ, हबच खायेल शे." मजुरी, प्रेस, अलाइनमेंट, सगळं पुन्हा. तेव्हा हबसकट बदललं, आणि त्या बाजूने अजून तरी तक्रार नाही. एका गाडीवरून नियम होत नाही, हे मान्य.

गाडी पाण्यात उभी राहिलेली असेल तर मात्र मी फारसा विचार करणार नाही. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस चाळीसगावात पुराचं पाणी शिरलं होतं. तशा पाण्यात हब बुडाले की ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो आणि रेस हबला अशी धरते की ग्राइंडरवाचून सुटत नाही. तिथे हब घ्याच.

काहीही टाकलं तरी दाबताना समोर उभे राहा. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या रेसवरच हवा. हब दाबताना आतल्या रेसला खालून आधार हवा. जोर गोळ्यांमधून गेला की नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ज्या बेअरिंगच्या एका तोंडावर चुंबकी पट्टी असते, ती बाजू एबीएसच्या, म्हणजे चाकाचा वेग मोजणाऱ्या, सेन्सरकडे गेली पाहिजे. उलटं बसलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळं परत खोलावं लागतं. ॲक्सल नट नवा घ्या, आणि चाकावर गाडीचा भार पडण्याआधी तो टॉर्क पान्याने आवळून घ्या.

रेस सहज सुटली आणि बैठक गुळगुळीत निघाली, तर हबचे पैसे वाचवायला हरकत नाही. अडचण एवढीच की हे कळतं नकल खोलल्यावर, आणि ऐनवेळी आपल्या मॉडेलचा हब शहरात असेलच असं नाही. म्हणून हब आधीच आणून ठेवा आणि पाकीट फोडलं नाही तर परत घेणार का, हे दुकानदाराला तेव्हाच विचारा. माझ्या दुकानदाराने हो म्हटलं होतं. परत करायची वेळ आली नाही.