कम्युनिटी कॉलेजात ग्राफिक डिझाइन : दोन सत्रांनंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात, मी गेल्या ऑगस्टपासून ग्राफिक डिझाइन शिकते आहे. आतापर्यंत दोन सत्रांत पाच विषय पूर्ण झाले, म्हणजे एवढ्या अनुभवावर मत द्यायला हरकत नाही.

आधी पैशांचे सांगते, कारण विचारणारे प्रथम तेच विचारतात. राज्याच्या रहिवाशांसाठी शुल्क युनिटमागे, म्हणजे विषयाच्या श्रेयांकामागे, ४६ डॉलर आहे. माझे पाचही विषय प्रत्येकी तीन युनिटांचे होते, त्यामुळे शिक्षणशुल्क ६९० डॉलर झाले. किरकोळ आकारणी वेगळी. अनिवासी विद्यार्थ्यांना मात्र याच्या कित्येक पट भरावे लागतात. सत्र सुरू होण्याआधी राज्यात किमान एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य असावे लागते, आणि नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर असूनही मी ती अट पूर्ण करू शकले. पुण्याहून आल्या आल्या उत्साहाने प्रवेश घेतला असता, तर चांगलाच फटका बसला असता.

सॉफ्टवेअर शिकण्यासाठीच कोणी येणार असेल, तर त्याने येऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. इलस्ट्रेटर या चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरच्या वर्गात पहिले सहा आठवडे कोणते बटण कुठे आहे एवढेच चालले होते, आणि ते घरबसल्या फुकट शिकता येते. फुकट मिळत नाही ती वर्गातली भिंत. दर पंधरवड्याला प्रत्येकाने आपले काम छापून, काळ्या पुठ्ठ्यावर नीट चिकटवून तिथे लावायचे आणि सगळ्यांनी दहा फुटांवर उभे राहून त्यावर बोलायचे. पडद्यावर मला देखणे वाटलेले माझे पहिले माहितीपत्रक तिथून एक करडा ठिपका दिसत होते. वर्गात एकोणीस वर्षांच्या मुलांपासून निवृत्त यंत्रकारागिरापर्यंत सगळे असल्यामुळे मतेही एका साच्याची नसतात. त्या आजोबांना पुठ्ठ्याची कड अर्धा मिलिमीटर तिरकी कापलेली लगेच दिसते, आणि ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

टायपोग्राफीचा, म्हणजे अक्षरांच्या मांडणीचा, विषय सर्वांत चांगला, पण तो सारा रोमन लिपीवर बेतलेला. गणेशोत्सवाचे द्विभाषिक पोस्टर करताना इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘निमंत्रण’ शब्दातली पहिली वेलांटी न च्या उजवीकडे जाऊन बसली. परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर हा देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारा पर्याय निवडल्यावर ती जागेवर आली, पण हा उपाय मलाच शोधावा लागला. पुढे बाईंनी शीर्षकातल्या अक्षरांमध्ये थोडी हवा खेळू द्यायला सांगितली. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ती सूचना शोभते. देवनागरीत अंतर वाढवताच शिरोरेषेचे तुकडे पडले. बाईंनी ते प्रिंट हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि पुढच्या तासाला शिरोरेषा म्हणजे काय हे मलाच फळ्यावर समजावून सांगायला लावले. शेवटी मुक्त हा टंक वापरला. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही असल्यामुळे दोन लिपींचे वजन जुळवण्याचा निम्मा त्रास वाचला.

तक्रारीही आहेत. बरेचसे शिक्षक अर्धवेळ असतात आणि तास संपला की दुसऱ्या कॉलेजकडे गाडी हाकतात, त्यामुळे कामाविषयी निवांत बोलायचे तर पार्किंगपर्यंत सोबत चालावे लागते. लॅबमधल्या मोठ्या प्रिंटरची शाई नेमकी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात संपली आणि अंतिम पोर्टफोलिओसाठी बाहेरच्या दुकानात पैसे मोजावे लागले. सर्वांत मोठा मनस्ताप मात्र वेळापत्रकाचा. नोंदणी कमी झाली म्हणून पोर्टफोलिओचा पुढचा वर्ग सुरू होण्याच्या चार दिवस आधी रद्द झाला, आणि त्याच्या भरवशावर आखलेले माझे सर्टिफिकेट एक सत्र पुढे गेले. नोकरी सांभाळून संध्याकाळचेच वर्ग घेणाऱ्यांना याची झळ अधिक बसते, कारण त्यांना पर्यायी तुकडी सहसा नसते. नोंदणीची तारीख उघडेल त्याच सकाळी जागा घ्यावी, आणि एखादा जादा विषय हाताशी ठेवावा.

मी तसे केले नाही, म्हणून सध्या पॅकेजिंगच्या वर्गाच्या प्रतीक्षायादीत सातवी आहे.