अप्रेंटिस योजना, छोट्या शॉपच्या टेबलावरून: पाचपैकी साडेतीन स्टार

"वहिनी, परवडतं का ओ ते अप्रेंटिसचं?" आयटीआयचा निकाल जवळ आला की कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतले शेजारी हेच विचारतात. प्रत्येकाला चहाबरोबर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आमचं जॉबवर्कचं मशिन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, टर्निंग-बोअरिंग (बाहेरून कातणं, आतलं भोक मापात करणं) करून परत जातं. शॉप दीर बघतात. अप्रेंटिसचे करार, सरकारी पोर्टल, स्टायपेंड हे माझ्याकडे. कायद्यानं 30 किंवा जास्त माणसं असली की त्यांच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस, घ्यावेच लागतात. चार ते 29 माणसांच्या युनिटला मर्जी. आम्ही मर्जीवाले.

आधी पैशाचं बोलू, कारण विचारणाऱ्याच्या मनात तेच असतं. 2019 च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे महिन्याला किमान 5,000 ते 9,000 रुपये स्टायपेंड ठरला, त्यात आयटीआय झालेल्याला 7,000. 2025 मध्ये तो 36 टक्क्यांनी वाढवायची शिफारस झाली, तेव्हा हिशेब मांडताना थोडा हात सैल ठेवा. प्रोत्साहन योजनेत, म्हणजे 'नॅप्स'मध्ये, केंद्र सरकार स्टायपेंडच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये सोसतं. पूर्वी आपण सगळे भरायचे आणि मग परताव्याची वाट बघायची. 2023 पासून सरकारचा वाटा थेट पोराच्या खात्यात जातो. छोट्या युनिटला हा बदल फार सोयीचा. पीएफ, ईएसआय लागत नाही. पण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आपलीच, आणि परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. डिस्पॅच अडकला म्हणून पोराला रात्री थांबवायचं, हे जमणार नाही. ज्यांना स्वस्तातला हेल्पर हवाय त्यांनी इथंच वाचणं थांबवलं तरी चालेल.

आम्ही किमान रकमेपेक्षा जास्त देतो. दानधर्म नव्हे, इलाज नाही. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या मोठ्या कंपन्या बस देतात, कँटीन देतात. पन्हाळ्याच्या बाजूचं पोरगं खोलीभाडं आणि जेवण सात हजारांत कसं भागवणार?

आता जो खर्च कुठल्याच फॉर्मात नाही, तो. शिकवणाऱ्या माणसाचा वेळ. आमच्याकडे एक जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. उत्पादनावर इन्सेंटिव्ह असताना मामांनी पोराला शिकवत बसायचं म्हणजे त्यांच्याच खिशाला चाट. सुरुवातीला साहजिकच ते पोराला नुसतं जॉब उचलायला लावायचे. मग दीरांनी ठरवलं, पोरगं हाताखाली असेल तेवढे महिने मामांना ठरावीक शिकवणी भत्ता. त्या दिवसापासून चित्र पालटलं. सरकारच्या 1,500 पेक्षा हा भत्ता आम्हाला जास्त कामाला आला, हे मी कुणालाही सांगेन.

मामा काय शिकवतात ते एकदा डोळ्यांनी बघितलं. 62 एमएमचं बेअरिंग बसायचं हाउसिंग, एच7 टॉलरन्स, म्हणजे माप वर 30 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) चाललं, खाली शून्य. पोरानं मशिनवरून जॉब उतरवला, तसाच बोअर गेज (भोक मापायचं काट्याचं साधन) घातला आणि "ओके" म्हणाला. काटा चार-पाच मायक्रॉन वर होता. मामा म्हणाले, "हात लाव की जॉबला." कोमट होता. "जा, चहा पिऊन ये, मग माप." परत मापलं तर काटा शून्याच्या खाली. वीसेक अंश निवला की एवढं बोअर दहा-बारा मायक्रॉन आवळतंच. बेअरिंग बसवताना ते कस्टमरकडे अडकलं असतं आणि अख्खा लॉट रिजेक्शनचा शिक्का घेऊन परत आला असता. पोरानं ऑफसेट, म्हणजे मशिनमधलं टूलचं माप, स्वतः बदलला, मामा नुसते मागं उभे होते. आयटीआयच्या पुस्तकात उष्णतेनं प्रसरण असतंच, परीक्षेला पाठही केलेलं असतं. हाताला कळतं ते इथं.

म्हणूनच मला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेपेक्षा ही योजना उजवी वाटते. 2024 ची ती योजना, लोकांच्या तोंडी 'लाडका भाऊ'. तिथं आयटीआयवाल्याला 8,000 विद्यावेतन सगळं राज्य सरकार देतं, मालकाच्या खिशातून काहीच जात नाही. आणि फुकट आलेल्या पोराला कोण मामांच्या हाताखाली देतो? फायलिंग करायला बसवतात. आधी मुदत सहा महिने होती, मग 11 झाली, तरी शेवटी ट्रेडची परीक्षा नाहीच. अप्रेंटिसला परीक्षा आहे, राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, आणि स्वतःचे पैसे गुंतलेत म्हणून मालकाचंही लक्ष राहतं.

अप्रेंटिस पुरवणाऱ्या मध्यस्थ एजन्सीबद्दलही सांगते. एकीनं आम्हाला फोन करून "मॅडम, हवी तेवढी पोरं देतो, पेपरवर्क आमचं" अशी ऑफर दिली. ट्रेड कुठला म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "तुम्ही म्हणाल तो." नमस्कार करून फोन ठेवला. सगळ्या तशा नसतील, पण हा प्रश्न विचारून बघाच.

दीड स्टार कशाचा कापला? अर्धा कागदपत्रांचा. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळेना, की करार अडकलाच. पूर्ण एक कापला तो अभ्यासक्रम आणि छोटं शॉप यांचा मेळ बसत नाही म्हणून. टर्नरच्या पोरानं थ्रेडिंग, टेपर, ग्राइंडिंग सगळं शिकावं अशी अपेक्षा. आमच्याकडे वर्षभर बोअर एके बोअर. आमच्यापुरतं पोरगं तयार होतं, परीक्षेत मात्र चाचपडतं.

यावर उपाय कायद्यातच आहे, आणि तो वापरणारा मला तरी अजून भेटलेला नाही. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा सांगतो की अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवार एकमेकांच्या कारखान्यांत फिरवून प्रशिक्षण द्यायला हरकत नाही. शिरोलीत एका गल्लीत ग्राइंडिंग, दुसऱ्या गल्लीत गिअर कटिंग, समोर फौंड्री. एवढं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असताना पोरगं वर्षभर एकाच मशिनसमोर का उभं करायचं? उद्योग-आयटीआय भागीदारी म्हटलं की सगळ्यांना मोठ्या गोष्टी आठवतात. 2007-08 च्या योजनेत देशभरातल्या 1,396 सरकारी आयटीआयना अडीच-अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज देऊन व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी उद्योजक बसवले, तसं काहीतरी. त्या खुर्चीपर्यंत आमच्यासारखे पोचत नाहीत. पोरं फिरवायला खुर्ची लागत नाही, चार मालकांचं एकमत लागतं. तेवढंच आमच्याकडे दुर्मीळ, कारण प्रत्येकाला भीती: शेजारी पोरगं पळवणार.

पळवू दे. करार संपल्यावर त्याला नोकरी द्यायचं बंधन आपल्यावर नाही, तसं राहायचं बंधन त्याच्यावरही नाही. आमच्याकडून शिकून गेलेला एकजण पलीकडच्या शॉपमध्ये व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन) सेटर आहे. आमचा प्रोग्राम अडला की दीर त्यालाच फोन लावतात.

यंदा टर्नरच्या जागा पोर्टलवर टाकल्यात. ग्राइंडिंग किंवा गिअर कटिंगवाल्या कुणाला दोन-तीन महिने पोरं फिरवायची तयारी असेल तर निकाल लागायच्या आत ऑफिसात या. करार झाल्यावर बदल करत बसायला नको.